पाचव्या रात्री कोणी लिहिले?

(जळगाव येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'आपले कायदेशीर हक्क' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु आपली अनुज्ञा घेऊन प्रथम मी एका ऋणाविषयी बोलतो. २०२५ साली वैशाख पौर्णिमा १२ मे रोजी आली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली १२ मे रोजीच झाला आणि म्हणून तो दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विहारात वंदना म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याच्या एका रुग्णालयातील एक परिचारिका वारंवार उभी राहत होती. तिचे नाव मी येथे घेणार नाही, कारण ते तिला आवडणार नाही. तिने काय केले एवढेच सांगतो.

२०१४ सालचा एप्रिल महिना होता. माझी पत्नी बाळंतपणासाठी धुळ्यास माहेरी गेली होती आणि मी येथे जळगावच्या कोर्टात एका दाव्यात उलटतपासणी घेत होतो. दुपारी निरोप आला की, एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आहेत. एरंडोल, पारोळा मागे टाकीत मी धुळ्यास पोचेपर्यंत मुलगी जन्मली होती. वजन १,२४० ग्रॅम. घरात आपण साखर तोलतो, तेवढे ते वजन!

ज्यांनी असे मूल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. फुप्फुसातील हवेचे सूक्ष्म फुगे मिटू नयेत म्हणून जो स्निग्ध द्रव लागतो, तो अशा बाळात पुरेसा तयार झालेला नसतो. कातडीखाली चरबी नसते, म्हणून एप्रिलच्या खानदेशी उन्हाळ्यातही त्याचे अंग गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीनेच पोटात सोडावे लागते. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जंतू. आपल्या हातावर ते निरुपद्रवी बसलेले असतात, पण अशा बाळाच्या रक्तात शिरले तर त्याचा प्राण घेतात.

त्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी मी उभा होतो. आतून एक परिचारिका बाहेर आली. पैसे भरले का, कागद आणले का, असे तिने काही विचारले नाही. ती म्हणाली, "वकीलसाहेब, घड्याळ काढा, अंगठी काढा, बाह्या कोपरापर्यंत सारा. हात कसे धुवायचे ते मी दाखविते." लहान मुलाला शिकवावे तसे तिने मला हात धुवावयास शिकविले. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे, नखे, मनगटे. मग मला आत नेले आणि त्या काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून माझे एक बोट मुलीच्या तळव्यावर ठेवविले. मुलीने ते धरले. परिचारिका म्हणाली, "हिचे बाबा आलेत हे हिला कळले पाहिजे." आजतागायत अनेक न्यायाधीशांनी माझ्या बाजूने निकाल दिले, परंतु इतका दिलासा देणारे वाक्य मी कोणत्याही निकालपत्रात वाचलेले नाही.

आता पाचव्या रात्रीची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यासारख्या घरांची गोष्ट आहे. आमच्या घराने धम्म स्वीकारून पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. घरात देव्हारा नव्हता, नवस नव्हता. तरी पाचवी आली तेव्हा आमची वृद्ध आत्या गावाहून आली, ती पदरात काळा दोरा आणि अंगारा बांधून. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद व लेखणी मांडावी लागते. आपण ती मांडली नाही म्हणूनच हे संकट आले, असा तिचा समज होता. मी संतापलो. सर्वांदेखत मी तिला म्हणालो, "आत्या, तू अजून सुधारली नाहीस!" ती म्हातारी भिंतीशी बसून रडू लागली.

परिचारिकेने हे ऐकले. ती बाहेर आली, आत्याजवळ जमिनीवर बसली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "रडू नको माय. पोर जिद्दी शे." मग तिने समजावून सांगितले की, दोऱ्यात आणि अंगाऱ्यात जंतू असतात, ते बाळाला सोसणार नाहीत, पण आजीचा हात मात्र बाळाला हवा आहे. तिने आत्याचे हात धुवविले, तिला आत नेले आणि तिचा हात मुलीच्या पावलांवर ठेवविला. आत्याने दोरा स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला. बंधूंनो, बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या. पण त्या म्हातारीच्या मनातील भीती मला दिसली नव्हती. ती दिसली त्या परिचारिकेला. तिने अंधश्रद्धेला रुग्णालयात तसूभर थारा दिला नाही आणि माणसाचा अपमानही केला नाही. आपण नव्याने धम्मात आलो आहोत. आपल्या घरातील जुन्या पिढीशी कसे बोलावे, याचा हा धडा मला एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मिळाला.

त्याच रात्री दोन वाजता दाराच्या काचेतून मी आत पाहिले. विभागात अठरा बाळे होती आणि परिचारिका दोन. आमच्या मुलीच्या पेटीपाशी ती उभी होती आणि तक्त्यावर लिहीत होती. सकाळी तो तक्ता तिने मला वाचू दिला. तापमान ३६.७. वजन १,१७० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात असे वजन घटते, घाबरू नये, हे तिने आधीच सांगितले होते. दूध तीन मिलिलिटर, दर दोन तासांनी. श्वासाचा वेग, नाडी, लघवी, अंगाचा रंग. प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि सही. तेव्हा मला उमगले की, पाचव्या रात्री माझ्या मुलीचे भवितव्य खरोखरच लिहिले जात होते. लिहिणारी एक हाडामांसाची, पगारी, दमलेली स्त्री होती. ती कपाळावर लिहीत नव्हती, कागदावर लिहीत होती. आणि चुकले तर दुरुस्त करता येईल असे लिहीत होती.

त्या कागदानेच पुढे मला लाजविले. बाराव्या दिवशी मुलीच्या हाताला जेथे सुई लावली होती, तेथे सूज दिसली. मी ओरडलो. मी वकील आहे, मी नोटीस देईन, एकेकाला कोर्टात खेचीन, असे मी तिच्या तोंडावर बोललो. तिने काही प्रत्युत्तर न देता तक्ता माझ्यापुढे धरला. त्यात तिच्याच अक्षरात लिहिले होते की, पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी सूज आढळली, सुई काढली, डॉक्टरांना कळविले, हात उंच ठेवला. मला कळण्यापूर्वी तिने स्वतःच आपल्याविरुद्धचा पुरावा नोंदवून ठेविला होता! अशा नाजूक शिरांत सुई बाहेर सरकणे हे दक्षता घेऊनही घडते. ते लपविले तर मात्र हात जाऊ शकतो. साक्षीदाराने आपल्या गैरसोयीचे सत्य आपणहून सांगावे, हे मी कोर्टात क्वचितच पाहिले आहे. त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली नाही. माझा काळा कोट आड आला.

मुलगी सावरू लागली तेव्हा तिने माझ्या पत्नीस शिकविले की, बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून तासन् तास धरावे. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. तेथे उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून आईलाच पेटी केले. पुढे भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने पाहणी केली आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे आढळले की, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरले तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात. पत्नी थकली की परिचारिका मला बसवीत असे. "बापाची छातीही उबदार असते," असे ती म्हणे. माझ्या सदऱ्याच्या आत ते सव्वा किलोचे मूल झोपे, आणि मी हलत नसे.

आता सांगतो ते सांगणे मला कठीण जाते. शेजारच्या पेटीत सातपुड्यातील एका आदिवासी दांपत्याचे मूल होते. एका संध्याकाळी ते गेले. परिचारिकेने यंत्रे एकेक करून बंद केली. नळ्या हळुवार काढल्या. त्या बाळाला कोमट पाण्याने पुसले, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि आईच्या मांडीवर दिले. त्या आईला आपली भाषा नीट येत नव्हती. परिचारिका तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. "उचला, जागा रिकामी करा," असे कोणी म्हणावयास आले, त्याला तिने हातानेच थांबविले. बऱ्याच वेळाने ती उठली, डोळे पुसले, कोपरापर्यंत हात धुतले आणि आमच्या मुलीकडे आली. दुधाची वेळ झाली होती. ते तीन मिनिटेही उशिरा झाले नाही.

समता हा शब्द मी व्यासपीठावरून शेकडो वेळा उच्चारला असेल. वकिलाची मुलगी आणि सातपुड्यातील मजुराचा मुलगा यांच्यात ज्या हातांनी जिवंतपणी भेद केला नाही आणि मृत्यूतही केला नाही, ते हात मी त्या संध्याकाळी पाहिले.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्षूला धुतले आणि उचलून त्याला मंचकावर निजविले. आणि मग संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस मानू नये. आणि रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी. लक्षात घ्या, पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत. नुसती कळवळ पुरत नाही; हात शिकलेला हवा. आणि किळस न मानणे ही गोष्ट आपल्या देशात साधी नाही. ज्या समाजाने नाळ कापणारीला आणि मळ उचलणाऱ्याला विटाळ मानला, त्या समाजात परिचारिकेचे काम हेच जातिव्यवस्थेला दिलेले रोजचे उत्तर आहे.

आपल्याकडे ही परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते ज्यांना जन्मताच मारले जात होते अशा अर्भकांसाठी. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. बाबासाहेब आणि रमाबाई यांनी चार मुले बालपणीच गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती सवलतीचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. घरातल्या दुःखाला रडून मोकळे होणारे पुष्कळ असतात. इतरांच्या मुलांसाठी कायदा मागणारा विरळा.

आमच्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील साध्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांत नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली तो अहवाल 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. आपल्या वस्तीत आशाताई बाळाला घरी पाहावयास येते, तिच्या मागे हा इतिहास आहे. तिला दारातून परत पाठवू नका.

आता कायद्याकडे येतो. एकेचाळिसाव्या दिवशी मुलगी घरी निघाली तेव्हा मी त्या परिचारिकेची क्षमा मागितली, आणि एक साडी व एक पाकीट पुढे केले. तिने हात जोडले. म्हणाली, "हे नको. तुम्ही अर्ज लिहिता ना? रात्री अठरा बाळांना आम्ही दोघीच असतो. त्याबद्दल एक अर्ज लिहा."

तो अर्ज मी लिहिला. चार महिन्यांनी उत्तर आले की, पदे मंजूर नाहीत. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मी विचारले की, मंजूर किती, भरलेली किती, रिकामी किती. पुन्हा अर्ज केला, पुन्हा अपील केले. दीड वर्षाने रात्रपाळीला तिसरी परिचारिका आली. एवढेच झाले, परंतु माझ्या आजवरच्या वकिलीत ज्या कामाची फी मला सर्वांत आधी मिळाली होती, असे ते काम आहे.

हे मी का सांगतो? कारण 'सेवा' या गोड शब्दाखाली परिचारिकेची पिळवणूक होते. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या हलाखीची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली घेतली. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, ५० खाटांहून लहान रुग्णालयातही वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. आपल्या गावात हे पाळले जाते काय, ते आपल्याच मुलींना विचारा. आणि ९ जानेवारी २०२१ ची भंडाऱ्याची रात्र आठवा. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरांपैकी सात बाळे वाचली, दहा गेली. अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, बदल्या झाल्या; परंतु पुढच्या महिन्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविला गेला तो दोन परिचारिकांवर. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावे. मी एवढेच म्हणतो की, इमारत, तारा, अग्निशमन, मनुष्यबळ यांची जबाबदारी रात्रपाळीच्या स्त्रीवर ढकलून राज्याला मोकळे होता येणार नाही.

कारण राज्याचे कर्तव्य घटनेत लिहिलेले आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ सांगतो. प्रसूती साहाय्याची तरतूद अनुच्छेद ४२ सांगतो. आणि सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात दिला. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे औषध, तपासणी, रक्त आणि नेआण मोफत आहे; प्रथम ३० दिवसांपर्यंत असलेली ही सवलत पुढे एक वर्षापर्यंत वाढविली गेली. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी, दागिने विकण्यापूर्वी हा हक्क मागा. तो उपकार नाही.

तसेच आपलेही कर्तव्य आहे. दुःखाच्या भरात रुग्णालयात हात उगारू नका. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो अधम्मच ठरला असता. तक्रार असेल तर लेखी करा, नोंदींची प्रत मागा. आणि परिचारिकेने चांगले केले असेल तर तेही लेखीच कळवा, तिच्या वरिष्ठांकडे, तिच्या नावानिशी. तक्रारीचे अर्ज रोज येतात. कृतज्ञतेचा अर्ज तिच्या सेवापुस्तकाजवळ क्वचितच पोचतो. आपल्या ज्या मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छितात, त्यांना "हे घाण काम आहे" असे म्हणून अडवू नका. हे शब्द आपल्या तोंडी शोभत नाहीत. ते आपल्याविरुद्ध फार वर्षे वापरले गेले आहेत.

माझी मुलगी आता शाळेत जाते. तिच्या डाव्या हातावर सुईचा एक बारीक डाग राहिला आहे. आत्या हयात होती तोवर तो डाग दाखवून म्हणे, "ही हिची पाचवी." तिच्या म्हणण्याचा अर्थ आम्हां घरच्यांना कळे. दरवर्षी तिच्या वाढदिवशी आम्ही कोणत्याही देवस्थानाला जात नाही. जळगावहून धुळ्याची बस धरतो, त्या विभागाच्या दाराशी हात धुतो, आणि आत ज्यांचे मूल पेटीत आहे अशा एखाद्या बापाजवळ थोडा वेळ बसतो. त्या परिचारिकेची बदली कधीच झाली. जी कोणी पाळीवर असेल तिला नमस्कार करतो, आणि रात्री किती जणी असतात, ते विचारून येतो.

जय भीम. नमो बुद्धाय.